रोमिल्दाचा बाप

ओविदिओ झाम्पिएरीला खोटं पकडायची इतकी सवय लागली होती की खरं समोर येऊन उभं राहिलं तरी तो त्याचे खिसे तपासायचा. रोसारिओ शहरातल्या आमच्या एचेसोर्तू भागात असा माणूस दुसरा नव्हता, आणि एक होता तोच पुष्कळ झाला असं डेल्फिना म्हणायची. डेल्फिना म्हणजे मेंदोसा रस्त्यावरच्या आमच्या कॅफेची मालकीण. तिच्या खिडकीपाशी एक संगमरवरी टेबल आहे. त्याचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली जुना पेपर घडी करून घातलेला. "पेपरचा हाच एक खरा उपयोग," असं ओविदिओ रोज सकाळी बसताना म्हणायचा, आणि आम्ही रोज हसायचो, कारण न हसल्यास तो तेच पुन्हा म्हणायचा.

टेबलावर आम्ही तिघे. ओविदिओ, कापडाचं दुकान मुलाच्या गळ्यात घालून मोकळा झालेला नासिफ, आणि मी. मी पूर्वी शहर बस चालवायचो, आता नुसता खातो, म्हणून मला सगळे जाड्या म्हणतात. दुपारच्या झोपेची वेळ होईपर्यंत आम्ही तिथे बसून सरकारं पाडायचो, बँका बुडवायचो, राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक बदलायचो आणि मग घरी जाऊन पडायचो. त्याने देशाचं काही बिघडलं नाही. सुधारलंही नाही.

ओविदिओने उभं आयुष्य शहरातल्या एका पेपरच्या छापखान्यात काढलं. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम. आपल्या अविश्वासाचं मूळ तिथे आहे असं तो अभिमानाने सांगायचा. मंत्र्याचं भाषण मंत्री बोलायच्या आधीच जुळवून तयार असायचं. हवामानाचा अंदाज म्हणजे रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने खिडकीबाहेर काढलेला हात. आणि राशिभविष्य? "राशिभविष्य ब्युनोस आयर्सहून पोस्टाने यायचं. पोस्टवाल्यांचा संप झाला की छापखान्यातला एक गाढव जुन्या अंकातलं भविष्य काढून राशी बदलून लावायचा. मेषेचं मकरेला, मकरेचं मीनेला. आणि लोक ते वाचून साखरपुडे करायचे!" तो गाढव कोण, असं नासिफने एकदा विचारलं. "होता एक," असं म्हणून ओविदिओने साखरेची पुडी फाडली.

असा माणूस मत कसं देत असेल? आमच्याकडे मतदान सक्तीचं. चिठ्ठ्या पाकिटात घालायची पद्धत होती तोवर ओविदिओ प्रत्येक निवडणुकीत पाकिटात सलामीची, म्हणजे खारवलेल्या मांसाची, एक चकती घालून यायचा. "चांगली होती का रे सलामी?" असं डेल्फिनाने विचारलं, तर म्हणाला, "छे, सगळ्यात स्वस्त होती ती. या लोकांवर चांगला माल कशाला वाया घालवू?" चौकातल्या कारंज्याचं उद्घाटन तीन महापौरांनी तीनदा केलं, आणि तिन्ही वेळा हा गर्दीत उभा राहून मोठ्याने विचारत होता की पाणी कुठे आहे. सुपरमार्केटमध्ये 'एकावर एक फुकट' लागलं की हा आदल्या आठवड्याची किंमत आठवून सांगायचा. बिस्किटाचा पुडा कंपनीने हळूच बारीक केला तेव्हा याने जुना रिकामा पुडा घरून आणून डेल्फिनाच्या काउंटरवर नव्याशेजारी उभा करून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. सेंट्रल आणि न्यूवेल्स या आमच्या दोन फुटबॉल क्लबांचा सामना आधीच ठरलेला असतो असंही तो म्हणायचा. रोसारिओत हे बोलून कोणी धड घरी जात नाही. पण दोन्ही बाजूंचे लोक त्याला मारायला एकदमच उठले, आणि एकमेकांना बघून त्यांचं आपापसातच जुंपलं, त्यात हा सुटला.

गंमत म्हणजे त्याचं बरंचसं खरं निघायचं. तीच तर पंचाईत होती. दहा गोष्टींना थाप म्हटलं की त्यातल्या सात थापा निघतातच आमच्याकडे, त्यात कसली आली हुशारी? उरलेल्या तिनांचं काय झालं हे कोणी विचारत नसे. ओविदिओ तर नाहीच.

या माणसाच्या भिंतीला भिंत लावून देवाने चार वर्षांपूर्वी दोन्या इर्माला, म्हणजे इर्माबाईंना, राहायला पाठवलं. इर्मा कशावरही विश्वास ठेवते. गरम पाण्यात लिंबू पिऊन गुडघे बरे होतात, लोहचुंबकाच्या कड्याने रक्त पातळ होतं, अमुक संताची तसबीर बारा जणांना फोनवर पाठवली की पोरगा नोकरीला लागतो, हे सगळं तिला एकाच वेळी पटलेलं असतं. दारावर पाण्याचं फिल्टर विकणारा येवो की धर्माचा प्रचार करणारा, ती त्याला आत बसवते आणि येर्बाचा, म्हणजे आमच्याकडच्या कडू पाल्याच्या चहाचा, पेला हातात देते. निवडणुकीत तर ती सगळ्याच उमेदवारांचं ऐकून रडायची. ओविदिओ कॅफेत आला की नासिफ विचारायचा, "आज काय गिळलं तुझ्या शेजारणीने?" आणि ओविदिओ इर्माच्या आवाजात सगळं सांगायचा. आमची अर्धी सकाळ तिच्यावर निघायची. स्वतःच्या घराची घंटा मात्र ओविदिओने तार कापून मुकी केली होती. "दार वाजवणाऱ्याला काहीतरी विकायचंच असतं," असं त्याचं म्हणणं.

आता त्याच्या मुलीबद्दल सांगायला हवं. लुक्रेसिया ही त्याची एकुलती एक. लहान असताना शनिवारी बापाचा डबा घेऊन छापखान्यात जायची आणि हात काळे करून परत यायची. मोठी झाल्यावर तिला स्पेनमधल्या व्हिगो शहरातल्या एका औषधाच्या दुकानात नोकरी मिळाली. जाहिरात फोनवर पाहिलेली. निरोपाच्या जेवणात, अंगणात मांस भाजलं जात असताना, बापाने सगळ्यांसमोर जाहीर केलं की ही शुद्ध लबाडी आहे, असलं दुकानच तिथे नाही, महिन्याभरात रडत परत येईल. ती उतरली तेव्हा दुकान होतं. पगारही वेळेवर होता. ओविदिओ म्हणाला, "बघू किती दिवस."

तेवढ्यावर भागलं असतं. पण मग एल्विरा, त्याची बायको, आजारी पडली. डॉक्टरांनी सांगितलं की मुलीला बोलावून घ्या. ओविदिओने मुलीला फोनवर सांगितलं की डॉक्टर असंच म्हणतात, घाबरवल्याशिवाय त्यांच्या तपासण्या कशा खपतील, तू तिकिटावर पैसे घालवू नकोस. बायको पलंगावर वाळत चालली होती आणि हा मरणालाही अफवा समजत होता. मला आजही त्याचा संताप येतो. लुक्रेसिया आली ती मातीला, आणि तीही उशिराच. परत जाताना ती बापाशी बोलली नाही. त्याला सहा वर्षं झाली, त्यात एक फोन नाही. तिने तिकडचा नंबर बदलला आणि याला तो मागायची लाज वाटली.

एवढं सांगितलं म्हणजे टेलिफोनचा खेळ समजेल. आमच्याकडे एक फसवणूक आहे, तिला 'मामाची गोष्ट' म्हणतात. म्हाताऱ्या माणसाला फोन येतो. पलीकडे एक बाई हुंदके देत असते, "बाबा, मी आहे!" म्हातारा घाबरून मुलीचं नाव घेतो, आणि नाव मिळालं की पुढचं सोपं. उद्या बँका बंद होणार आहेत, गादीखालचे डॉलर काढून ठेव, मी एका ओळखीच्या माणसाला मोटारसायकलवर पाठवते. बँकेवर कोणाचाच भरवसा नसल्यामुळे गादीखाली काही ना काही प्रत्येकाच्या असतंच. अशी किती घरं धुऊन निघाली.

ओविदिओने यावर तोड काढली होती. बाई "बाबा, मी आहे" म्हणाली की तो गहिवरून विचारायचा, "कोण, रोमिल्दा?" रोमिल्दा नावाचं त्याच्या घराण्यात कोणी नव्हतं. पलीकडची बाई लगेच म्हणायची, "हो बाबा, रोमिल्दाच!" आणि ओविदिओ त्याच्या जुन्या, बटणांच्या फोनचा स्पीकर लावून फोन टेबलाच्या मधोमध ठेवायचा. मग सगळा कॅफे ऐकायचा. तो रोमिल्दाला तिच्या नवसाच्या केसांबद्दल विचारायचा, तिच्या लाकडी पायाबद्दल विचारायचा, तुरुंगातून कधी सुटलीस म्हणून विचारायचा. बाई वैतागून शिव्या देऊन फोन ठेवायची. ठगानेच आधी फोन ठेवला की डेल्फिनाकडून जिंकणाऱ्याला एक कार्लितो फुकट, असा नियम पडला होता. कार्लितो म्हणजे आमचं भाजलेलं सँडविच, आत टोमॅटोचा सॉस घातलेलं. ब्युनोस आयर्सवाले त्याला नाक मुरडतात, त्यांनी मुरडावं. ओविदिओने इतके कार्लितो जिंकले होते की डेल्फिना म्हणायची, ठगांपेक्षा तूच मला जास्त लुबाडतोस.

"ठगांचा वेळ खाणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे," असं तो सांगायचा. आम्हीही माना डोलवायचो. पण मला एक दिसत होतं. फोन कंपनीने नवा फोन आणि नवा नंबर फुकट देऊ केला तेव्हा याने जुना नंबर सोडला नाही. अनोळखी नंबर नासिफ उचलत नाही, मी उचलत नाही, हा मात्र एकूण एक उचलायचा. आणि त्याचा पहिला 'हॅलो' वेगळाच असायचा. मऊ. तेवढ्या एका शब्दात त्याची सगळी शेखी उतरलेली असायची. मग पलीकडचा हुंदका ऐकला की चेहरा घट्ट व्हायचा आणि खेळ सुरू. तो मुलीच्या फोनची वाट बघत होता. हे त्याला कोणी तोंडावर सांगितलं असतं तर त्याने त्यावरही विश्वास ठेवला नसता.

अशात एका गुरुवारी पेपरात बातमी आली. आता म्हणे यंत्राला कोणाचेही चार शब्द ऐकवले की ते हुबेहूब त्या माणसाच्या आवाजात बोलतं. पोटची पोर आणि यंत्र यांत फरक कळत नाही. ओविदिओने ती बातमी मोठ्याने वाचली, पुन्हा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, "हे मात्र खरं आहे."

नासिफने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप आहे का रे तुला? पेपरातलं खरं?"

"हे खरं आहे," ओविदिओ म्हणाला. "हे असंच होणार होतं."

आयुष्यात त्याने एकच बातमी खरी मानली, आणि तीही यासाठी की ती मानल्यावर बाकी कशावरच विश्वास ठेवायची गरज उरत नव्हती. आमची अक्कलही कुठे चरायला गेली होती कोण जाणे. आम्ही हसलो आणि आणखी कॉफी मागवली.

त्यानंतरच्या शनिवारी दुपार व्हायला आली होती. बाहेर दुकानांची शटरं खाली येत होती. डेल्फिना काउंटर पुसत होती. फोन वाजला. ओविदिओने नंबर पाहिला. रोसारिओचाच होता, पण अनोळखी.

"हॅलो," तो म्हणाला. तोच मऊ हॅलो.

"बाबा? मी आहे."

त्याने आम्हाला डोळा मारला, स्पीकरचं बटण दाबलं आणि फोन साखरेच्या भांड्याला टेकवून उभा केला. "कोण, रोमिल्दा?"

"रोमिल्दा कोण?"

नासिफ कॉफीत फुसकन हसला. "नवीन दिसतेय. अजून शिकाऊ आहे बिचारी."

"बाबा, मी लुक्रेसिया."

डेल्फिनाचं फडकं थांबलं. नासिफचं हसूही थांबलं. मी ओविदिओकडे पाहिलं. त्याने झटकन फोनवर तळहात ठेवला आणि आमच्याकडे वाकून म्हणाला, "नाव मिळालंय त्यांना. फोन कंपनीने विकलं असणार. नाहीतर मतदार यादीतून."

"अरे, पण आवाज," मी म्हणालो. "आवाज तर हुबेहूब तिचाच आहे."

"हुबेहूब आहे म्हणूनच शंका येते! सहा वर्षांत माणसाचा आवाज जरा तरी बदलायला नको? गुरुवारी काय वाचलं आपण?"

"ओविदिओ, मूर्खपणा करू नकोस," डेल्फिना काउंटरमागून म्हणाली.

त्याने तळहात काढला. "बरं, लुक्रेसियाबाई. कुठून बोलताय?"

"बाबा, मी रोसारिओत आलेय. दोन दिवसांसाठी. तुझ्या दारात उभी आहे. घंटा वाजत नाहीये, म्हणून एका बाईंच्या फोनवरून बोलतेय."

"दारात!" ओविदिओ आमच्याकडे बघून भुवया उडवत म्हणाला. "म्हणजे मी आता धावत यायचं, कुलूप उघडायचं, आणि कोपऱ्यावर तुझे मोटारसायकलवाले तयार. असंच ना?"

"कसले मोटारसायकलवाले? बाबा, काय बोलतोयस तू?"

"मी बघून येते," डेल्फिना फडकं टाकून म्हणाली. "इथून दीड गल्लीवर तर घर आहे."

"कुठे जाऊ नकोस! त्यांना तेच हवंय." त्याने तिचा हात धरला. 'मी फक्त डोळ्यांनी पाहिलेलं मानतो' असं हा माणूस आम्हाला रोज ऐकवायचा. दीड गल्ली चालून डोळ्यांनी पाहायची वेळ आली तेव्हा खुर्चीतून हलला नाही. खोटं आहे असं म्हणायला उठावं लागत नाही, म्हणून तर ते इतकं आवडतं लोकांना.

"परीक्षा घे," नासिफ कुजबुजला. त्याला पुन्हा चेव आला होता. "परीक्षा घे तिची."

"आईचं नाव सांगा, बाई," ओविदिओ म्हणाला.

"बाबा..."

"आईचं नाव."

"एल्विरा."

"ते थडग्यावर कोरलेलं आहे. कोणीही वाचेल. पुढचा प्रश्न." नासिफने टेबलावर थाप मारली. "आई कशाने गेली?"

तिने शांतपणे उलट विचारलं, "तिथे लोक हसतायत का?"

"हे कॅफे आहे. इथे लोक हसतात. उत्तर द्या."

"आई कशाने गेली हे तू मला विचारतोस?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मला तूच सांगितलं होतंस. डॉक्टर उगाच घाबरवतात, तिकिटावर पैसे घालवू नकोस."

आता नासिफही खाली बघू लागला. मला वाटलं, झालं, आता हा उठेल. पण तो म्हणाला, "ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. कोणीही सांगितलं असेल तुला."

"ठीक आहे," ती म्हणाली. "राशिभविष्य मात्र तू छान लिहायचास."

आणि फोन बंद झाला.

"तिने आधी ठेवला!" नासिफ म्हणाला, पण त्यात दम नव्हता. डेल्फिना आत गेली, कार्लितो भाजला, आणि आणून बशी अशी आपटली की तिला तडा गेला. "घे. जिंकलास. खा."

ओविदिओने एक घास घेतला. जिंकल्याचं हसू अजून तोंडावर होतं. तो चावत होता आणि चावता चावता त्याचं ते हसू तिथल्या तिथे वाळत गेलं. उरलेला कार्लितो त्याने परत बशीत ठेवला.

"राशिभविष्याचं काय म्हणाली ती?" नासिफने विचारलं.

ओविदिओ उठला. टोपी खुर्चीवर, फोन साखरेच्या भांड्याला टेकलेला, आणि हा माणूस रस्त्यावर. मी त्याला कधी भराभर चालतानाही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो पळाला. गाड्यांकडे न बघता, मेंदोसा रस्ता सरळ ओलांडून.

"जाड्या, बघत काय बसलास? त्याचा फोन घे आणि जा मागे," डेल्फिना ओरडली. "तिने परत केला तर?"

मी फोन घेऊन निघालो. माझ्या पोटासकट मी जितका धावू शकतो तितका धावलो. मी पोचलो तेव्हा तो स्वतःच्याच दारासमोर उभा होता. पायरी रिकामी होती. त्याने कापलेल्या तारेची घंटा दाबली, मग पुन्हा दाबली. आपल्याच घराची मुकी घंटा दाबणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग हात खाली सोडून तो रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघत राहिला. कोपऱ्यावर मोटारसायकलवाला नव्हता. कोणीच नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या खिडकीतून इर्माचा आवाज आला. गरम पाण्यात लिंबू किती पिळायचं हे ती कोणाला तरी समजावत होती. आणि ते ऐकून कोणीतरी हसलं. ते हसू एल्विराचंच होतं, तसंच नाकातून सुरू होऊन मोकळं होणारं. ओविदिओने भिंतीला हात टेकवला.

दारात परकी बाई पेटी घेऊन उभी, म्हणते मी शेजाऱ्याची मुलगी, सहा वर्षांनी आलेय, जरा फोन द्या. आम्ही तिघांनी तिची कागदपत्रं मागितली असती. इर्माने तिला फोन दिला, आत घेतलं, खुर्ची दिली, येर्बाचा पेला दिला.

ओविदिओने आयुष्यात कधी इर्माची घंटा वाजवली नव्हती. ती चिमणीसारखी चिवचिवते. त्याने दाबली आणि दचकला.

"कोण?" इर्माने आनंदाने विचारलं. घंटा वाजली की तिला आनंदच होतो.

"मी."

पावलं दाराकडे आली. पण त्यांच्यामागून दुसरा आवाज आला. "थांबा, दोन्या इर्मा. आधी विचारा, मी म्हणजे कोण?"

"ओविदिओ. शेजारचा ओविदिओ."

"नाव तर दारावरच्या पाटीवर आहे. कोणीही वाचेल," आतून लुक्रेसिया म्हणाली. "आपण रोमिल्दाचे वडील का? मग चुकलात. इथे रोमिल्दा राहत नाही."

मी फोन हातात धरून फुटपाथवर उभा होतो. निघून जावं असं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हते. ओविदिओने दाराला कपाळ टेकवलं.

"लुक्रेसिया," तो म्हणाला. "अगं, मी आहे."

"आवाज हुबेहूब आहे. हुबेहूब आहे म्हणूनच शंका येते." म्हणजे तळहाताखालून तिला सगळं ऐकू गेलं होतं. "दोन्या इर्मा, या गृहस्थांना विचारा, तूळ राशीचं भविष्य काय आहे."

तूळ ही एल्विराची रास. ती रोज सकाळी पेपर उघडून आधी तेच वाचायची, आणि ओविदिओ तिची टर उडवायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ओविदिओने वळून माझ्याकडे पाहिलं. मी जावं अशी त्याची इच्छा होती. मी गेलो नाही. तो दाराकडे वळला आणि शाळेतल्या मुलासारखा उभा राहून म्हणू लागला.

"तूळ. आज जड उचलू नका. कंबर जपा. संध्याकाळची भांडी नवऱ्याला घासू द्या. तो कुरकुर करेल, तिकडे लक्ष देऊ नका. मनातून तो..."

छापखान्यातला तो गाढव कोण होता, हे मला त्या फुटपाथवर कळलं. बापाचा डबा घेऊन जाणाऱ्या मुलीने ते तेव्हाच पाहिलं असणार. जगातल्या सगळ्या थापा पकडणारा हा माणूस पोस्टाचा संप झाला की बायकोसाठी स्वतः एक थाप जुळवायचा, आणि मग घरी जाऊन, ग्रहांचंच म्हणणं पडलं तर काय करणार, असं पुटपुटत भांडी घासायचा.

"मनातून तो काय?" आतून विचारलं.

"पुढे छापायला जागा नसायची."

"आता आहे."

ओविदिओ दाराच्या लाकडाशी बोलला. मला ऐकू आलं कारण गल्ली झोपलेली होती. "ती जाणार हे मला दिसत होतं. डॉक्टरच्या आधी दिसलं होतं. मी मानलं नाही. मानलं असतं तर तुला बोलवावं लागलं असतं, आणि तुला बोलवलं असतं तर ते खरं झालं असतं. तुझी आई शेवटी तुझं नाव घेत होती आणि मी तिला सांगत होतो की तू वाटेवर आहेस. माझी चूक झाली, पोरी."

आत कोणीतरी नाक ओढलं.

"असलं कोणीही रचून बोलतं, दोन्या इर्मा," लुक्रेसियाचा आवाज आला, पण तो आता धड नव्हता. "दार उघडू नका. आजकाल यंत्रंसुद्धा रडतात."

पण किल्ली तोवर फिरली होती. इर्मा काय, कशावरही विश्वास ठेवते.